नेपल्सचा सान जेन्नारो: माणूस किती, दंतकथा किती?

सागरवाट

मी मर्चंट नेव्हीत आहे. आमच्या बोटीवरचा कुक नेपल्सचा. गॅलीत मसाल्यांच्या फळीवर त्याने एका बिशपचं चित्र चिकटवलंय, तेलाच्या वाफेने पार कळकटलेलं. १९ सप्टेंबरला बोट कुठल्याही समुद्रात असो, घरी फोन लावायला हा पहिला. आईला एकच प्रश्न, "झालं का?" पलीकडून "झालं" आलं की त्या दिवशी सगळ्यांना जेवणात गोड.

"झालं का" म्हणजे सान जेन्नारोचं रक्त पातळ झालं का.

त्याच्याकडून ऐकलेली कथा थोडक्यात अशी. जेन्नारो हा बेनेव्हेंतो गावचा बिशप. सम्राट डायोक्लेशियनने ३०३ साली ख्रिस्ती लोकांविरुद्ध फर्मानं काढली, त्या धामधुमीतला. सोस्सिओ नावाचा मिसेनोचा डीकन, म्हणजे चर्चमधला धाकटा धर्मसेवक, तुरुंगात होता. त्याला धीर द्यायला जेन्नारो गेला आणि स्वतःच अडकला. आधी भट्टीत टाकलं, तर केसही करपला नाही. मग पोत्सुओलीच्या आखाड्यात हिंस्र जनावरांपुढे सोडलं, तर अस्वलं येऊन पायाशी बसली. शेवटी ३०५ साली सोल्फातारा ज्वालामुखीजवळ त्याचं आणि सोबत्यांचं शिर उडवलं. एउसेबिया नावाच्या बाईने त्याचं रक्त दोन कुप्यांत भरून ठेवलं. आज ते नेपल्सच्या कॅथेड्रलमध्ये आहे. एरवी घट्ट, आणि वर्षातून तीनदा लोकांसमोर आणलं की पातळ होतं, म्हणजे व्हायला हवं. नाही झालं तर शहरावर संकट.

आता प्रश्न. हा माणूस खरंच होऊन गेला का? यातलं कितपत इतिहासात बसतं? आणि रक्ताचं काय? श्रद्धा-अंधश्रद्धेची हाणामारी नको अशी विनंती. (होणारच आहे, पण म्हणून ठेवलेलं बरं.)

आगाऊ_कार्टं

पहिला! दाणे-फुटाणे घेऊन कट्ट्यावर बसलोय. चिकित्सक कधी येतात बघू.

इतिहासवेडा

साग्या, चांगला विषय काढलास. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, रक्ताचं दुसरं कोणीतरी बघा.

माणूस होऊन गेला याला बऱ्यापैकी जुना आधार आहे. नोलाचा बिशप पाउलिनुस ४३१ साली वारला. त्याच्या अखेरच्या दिवसांबद्दल उरानियुस नावाच्या धर्मगुरूने पत्र लिहून ठेवलंय. त्यात पाउलिनुसला मरणशय्येवर दोन संत दिसतात, एक तूरचा मार्टिन आणि दुसरा यानुआरियुस, म्हणजे आपला जेन्नारो. उरानियुस त्याला 'बिशप आणि हुतात्मा' म्हणतो आणि नेपल्सच्या चर्चचं भूषण मानतो. म्हणजे मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या आसपास हा संत त्या भागात इतका प्रसिद्ध होता की ओळख करून द्यायची गरज नव्हती.

दुसरा पुरावा जमिनीखालचा. पाचव्या शतकात नेपल्सच्या बिशपने त्याच्या अस्थी शहराबाहेरच्या भुयारी दफनभूमीत आणल्या. त्या भुयारांना आजही सान जेन्नारोची कॅटाकोम्ब म्हणतात. तिथे पाचव्या शतकातलं भित्तिचित्र आहे. डोक्यामागे प्रभावळ, प्रार्थनेत पसरलेले हात, शेजारी पेटत्या मेणबत्त्या आणि वर त्याचं नाव.

पण भट्टी, अस्वलं, आंधळा झालेला सुभेदार हा सगळा मसाला ज्या चरित्रांत आहे ती बरीच नंतरची, काही शतकांनंतरची. आणि त्यांचंही आपसात पटत नाही. गंमत म्हणजे एका कथेत अस्वलं वगैरे काही नाहीच. सुभेदार दुसऱ्या कामात अडकला, खेळ रद्द झाला, म्हणून शिक्षा बदलून शिरच्छेद केला. मला हीच कथा जास्त खरी वाटते. साहेब कामात असल्याने कार्यक्रम रद्द, ही गोष्ट कोणी भक्तीपोटी रचणार नाही.

मोगरा

@इतिहासवेडा, शेवटचं वाक्य वाचून ऑफिसात हसले.

मला त्या दंतकथेतला भिकारी आवडतो. वधस्थळाकडे नेताना एक म्हातारा भिकारी जेन्नारोकडे त्याच्या अंगावरच्या कापडाचा तुकडा मागतो. हा म्हणतो, डोळ्यांवर बांधायचा फडका काम झाल्यावर तुलाच देईन. शिर उडवल्यावर शिपाई म्हाताऱ्याला चिडवायला लागतात, मिळालं का रे कापड? तर म्हातारा तो रक्ताळलेला फडका काढून दाखवतो. मेल्यावर येऊन देऊन गेलेला.

आणखी एक, तलवारीच्या घावात मानेबरोबर त्याचं बोटही तुटलं म्हणतात. नंतर जेन्नारोने कोणाच्या तरी स्वप्नात येऊन ते शोधायला सांगितलं. संत झाला तरी आपलं बोट कुठे राहिलं याची काळजी आहेच!

चिकित्सक

आलो.

१९९१ साली गार्लास्केल्ली, रामाच्चिनी आणि देल्ला साला या तीन इटालियन संशोधकांनी 'नेचर'मध्ये छोटं टिपण छापलं. त्यांनी फेरिक क्लोराइड, चुन्याची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि साधं मीठ एवढ्यावर असा तपकिरी पदार्थ तयार केला, जो ठेवला की गोठतो आणि हलवला की वाहतो. हे सगळं मध्ययुगात उपलब्ध होतं. फेरिक क्लोराइड तर खनिजरूपात नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरच मिळतं. आता समारंभात काय करतात? कुपी उचलून उलटीसुलटी करून बघतात, पातळ झालंय का म्हणून. तपासण्याची कृती तीच पातळ करण्याची कृती. विषय संपला.

आगाऊ_कार्टं

विषय संपला म्हणे. अजून दोनशे प्रतिसाद आहेत हो काका.

रसायनी

विषय इतक्यात संपत नाही. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून थोडं सविस्तर.

चिकित्सक म्हणतात त्या गुणधर्माला थिक्सोट्रॉपी म्हणतात. केचपची बाटली नुसती उपडी धरली तर थेंब पडत नाही, झटका दिला की भस्सकन बाहेर. आत कणांची सैलसर जाळी असते. ती हलवल्यावर मोडते आणि स्थिर ठेवल्यावर परत जुळते. त्या टिपणातला पदार्थ असाच वागतो आणि दिसायलाही रक्तासारखा होता. ही शक्यता आहे आणि चांगली शक्यता आहे.

पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. १९०२ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये काचेतून प्रकाश पाठवून वर्णपटाची तपासणी झाली, आणि दोन्ही वेळा हिमोग्लोबिनच्या खुणा दिसल्याचं सांगितलं गेलं. जुनी जाड काच, धूसर, बाहेर आणखी एक आवरण, त्यामुळे अशा तपासणीवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न आहेच. काहींनी कमी तापमानाला वितळणाऱ्या मेणासारख्या मिश्रणाचाही तर्क मांडलाय. निकाल लावायचा तर कुपी उघडून थेंबभर नमुना घ्यावा लागेल. ती सीलबंद आहे, उघडायला परवानगी नाही, आणि शेकडो वर्षं जुनी काच उघडताना फुटण्याची भीतीही खरी आहे.

आणखी एक. या रक्ताची पहिली नोंद १७ ऑगस्ट १३८९ ची आहे. ३०५ ते १३८९ या हजार-अकराशे वर्षांत कुपीचा उल्लेखच नाही. माझ्या मते रसायनशास्त्रापेक्षा हा मुद्दा वजनदार आहे.

चिकित्सक

@रसायनी, शेवटच्या परिच्छेदाबद्दल आभार. त्यात माझी भर. पातळ होणारं रक्त नेपल्सच्या आसपास एकट्या जेन्नारोचं नाही. सांता पात्रित्सियाचं आहे, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं आहे, जवळच्या राव्हेल्लोत संत पांतालेओनचं आहे. जगभर हुतात्मे झाले, पण रक्त पातळ होण्याची ही दाटी मात्र या एकाच टापूत. कोणाला तरी कृती माहीत होती असं म्हणायला जागा आहे की नाही?

वसईकर

मी कॅथलिक आहे, वसईचा. लहानपणी आमच्या चर्चमधले फादर रक्तसाक्षींच्या गोष्टी रंगवून सांगायचे, त्यात जेन्नारोची असायची.

दोन गोष्टी सांगतो. एक, चर्चने या घटनेला अधिकृतपणे चमत्कार म्हणून कधीच मान्यता दिलेली नाही. लोकभक्तीचा भाग म्हणून चालू दिलंय, एवढंच. त्यामुळे "चर्च लोकांना फसवतंय" असं लिहायच्या आधी हे ध्यानात घ्या. (चिकित्सकांनी अजून लिहिलेलं नाही, पण बोटं शिवशिवत असतील.)

दुसरं, तीन दिवस कोणते ते. मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी अस्थी आणल्याची आठवण म्हणून, तेव्हा कॅथेड्रलपासून सांता क्याराच्या चर्चपर्यंत मिरवणूक असते. १९ सप्टेंबरला त्याचा सण. आणि १६ डिसेंबरला, १६३१ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकाची आठवण म्हणून. त्या उद्रेकात हजारो माणसं मेली. लोक जेन्नारोचे अवशेष घेऊन रस्त्यावर उतरले आणि लाव्हा शहरापर्यंत आला नाही. तेव्हापासून त्याच्या चित्रांत मागे धुमसणारा डोंगर आणि पुढे हात वर केलेला बिशप असतो.

आज्जीचा_बटवा

१९९५ ला गणपती दूध प्यायला तेव्हा मी स्वतः चमच्याने पाजलंय. प्यायला तो. ज्याला मानायचं त्याने मानावं.

चिकित्सक

आज्जी, पृष्ठताण...

आगाऊ_कार्टं

सुरू झालं! आता इर्ल्याच्या चर्चमधल्या क्रुसातून ठिबकणारं पाणी आणि माहीमच्या खाडीचं गोड पाणी पण येऊ द्या, म्हणजे सर्वधर्मसमभाव पूर्ण होईल.

संपादक

दूध, खाडी आणि ठिबकणाऱ्या पाण्यासाठी जुने धागे आहेत, तिथे जा. इथे जेन्नारो.

इटलीवाली

उशिरा आले. मी नेपल्सपासून तासाभरावर राहते, आणि सप्टेंबरचा समारंभ आत उभं राहून पाहिलाय. वर कोणी त्या बायकांबद्दल लिहिलंच नाही!

वेदीजवळ अगदी पुढे म्हाताऱ्या बायकांचा एक घोळका बसतो. त्यांना संत जेन्नारोच्या नातेवाईक म्हणतात. त्याच्या दाईच्या वंशातल्या आम्ही, असा त्यांचा दावा. ही जागा पिढ्यान् पिढ्या त्यांची. कुप्यांची तिजोरी उघडली की त्या जुन्या नेपल्सच्या बोलीत प्रार्थना सुरू करतात. सुरुवातीला सूर लाडीगोडीचा. वेळ लागायला लागला की आवाज चढतो. आणि आणखी वेळ लागला की संताला सरळ शिव्या. 'फाच्चा ज्यालुता', म्हणजे पिवळ्या तोंडाच्या, कशाची वाट बघतोयस! पिवळं तोंड का, तर त्याच्या कवटीच्या अस्थी ज्या अर्धपुतळ्यात ठेवल्यात तो चांदीचा आणि वर सोन्याचा मुलामा. अंजू राजघराण्यातल्या दुसऱ्या चार्ल्सने १३०५ मध्ये करवून घेतलेला, चेहरा मेणबत्त्यांच्या उजेडात खरंच पिवळा दिसतो.

कुपी म्हणजे दोन. मोठी बदामाच्या आकाराची, ती साधारण दोन तृतीयांश भरलेली. लहानीत नुसते डाग. दोन्ही एका गोल काचेच्या पेटीत, तिला वर मुकुट आणि खाली धरायला दांडी. आर्चबिशप ती हातात घेऊन तिरकी करतात. आतला गडद गोळा भिंतीला चिकटून राहिला तर अजून नाही. सैल होऊन घसरायला लागला की शेजारचा एक माणूस पांढरा रुमाल हलवतो, आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट होतो! मी नास्तिक आहे. तरी त्या क्षणी अंगावर काटा आला, ते इथे कबूल करते. चिकित्सकांनी माफ करावं.

मालवणी_मसालो

देवाक शिव्ये घालण्यात नवल ता काय? जनाबायन इठ्ठलाक सोडलेला काय? आमच्या देवळात गाऱ्हाणा घालतात तेवा पण आवाज चढताच.

चिकित्सक

@इटलीवाली, काट्याला माफी आहे. पण तिरकी करतात म्हणालात ना? तेच तर मी म्हणतोय.

काळा_कोट

हा धागा वाचून मी जरा शोधाशोध केली आणि मला जे सापडलं त्यापुढे रक्त-बिक्त काहीच नाही. नेपल्स शहराने संताशी लेखी करार केलाय!

१३ जानेवारी १५२७. शहरात प्लेग, भोवती युद्ध, डोक्यावर व्हेसुव्हियस. शहराच्या प्रतिनिधींनी रीतसर नोटरीसमोर दस्त केला की जेन्नारोने शहराचं रक्षण करावं, बदल्यात आम्ही त्याच्यासाठी नवीन चॅपल बांधू. दुसरा पक्षकार मरून बाराशे बावीस वर्षं झालेली! सही कोणी केली, मुखत्यारपत्र कोणाकडे होतं, करारभंग झाल्यास दावा कुठल्या कोर्टात, काही विचारू नका.

आणि थट्टा बाजूला, शहराने आपली बाजू पाळली. १६०१ मध्ये चॅपलच्या कामासाठी 'देपुताझिओने' नावाचं मंडळ नेमलं, १६०८ मध्ये काम सुरू, १६४६ मध्ये पूर्ण. हे मंडळ बिगरधर्मगुरूंचं, शहराच्या वतीने काम करणारं, आणि ते आजही आहे. चॅपल कॅथेड्रलच्या आत असलं तरी मालकी चर्चची नाही, शहराची. रक्ताच्या तिजोरीला दोन चाव्या, एक आर्चबिशपकडे आणि दुसरी या मंडळाकडे. एकट्याने उघडताच येत नाही. दोन्ही बाजूंना एकमेकांवर पुरेपूर अविश्वास, म्हणूनच चारशे वर्षं टिकलं.

खजिना तर विचारूच नका. १७१३ चा बिशपचा एक मुकुट आहे, त्यात तीन हजारांवर हिरे आणि शिवाय माणकं, पाचू. राजे बदलले तरी प्रत्येकाने काही ना काही वाहिलं. नेपोलियनचा भाऊ जोसेफ इथे राजा झाला, त्यानेही हिऱ्या-पाचूंचा क्रॉस दिला. गावात टिकायचं तर आधी या दाराशी.

रंगरेषा

@काळा_कोट, त्या चॅपलच्या रंगकामाची कथा तर गुन्हेकथा आहे. मंडळाला बाहेरचा नामांकित चित्रकार हवा होता आणि स्थानिक चित्रकारांना तो नको होता. ग्विदो रेनी आला, त्याच्या माणसावर हल्ला झाला, रेनी गाशा गुंडाळून परत. मग दोमेनिकिनो आला. त्याला धमक्या आल्या, मध्ये एकदा पळून गेला, परत आला, आणि काम अर्धवट असतानाच १६४१ मध्ये नेपल्समध्ये वारला. विष घातलं अशी कुजबुज तेव्हापासून आहे. घुमटाचं काम शेवटी लानफ्रांकोने केलं.

तिथेच रिबेराचं १६४६ चं चित्र आहे, भट्टीतून न भाजता बाहेर येणारा जेन्नारो. तांब्याच्या पत्र्यावर तैलरंगात. खाली होरपळून पळणारे शिपाई, एकमेकांवर पडताहेत, आणि वर हा शांतपणे आकाशाकडे बघतोय. इतिहासवेडा म्हणतात तसं भट्टीची गोष्ट नंतरची असेलही, पण चित्र बघताना ते डोक्यात येत नाही.

आज्जीचा_बटवा

एवढा इतिहास सांगताय तर हेही सांगा. ज्या वर्षी रक्त पातळ झालं नाही त्या वर्षी काय काय झालं? १९४३ ला जर्मन फौजा शहरात. १९७३ ला कॉलरा. १९८० ला एवढा मोठा भूकंप, तीन हजारांच्या घरात माणसं गेली. मला नातीने वाचून दाखवलं. याला काय म्हणाल?

चिकित्सक

आज्जी, तारखा नीट लावून बघू. १९७३ चा कॉलरा ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाला होता, सण १९ सप्टेंबरचा. संकट आल्यानंतर तीन आठवड्यांनी संताने इशारा दिला? १९८० चा भूकंप २३ नोव्हेंबरला, सणानंतर दोन महिन्यांनी. हा एक तुमच्या बाजूने धरू. पण २०२० घ्या. मे महिन्यात कोविडने इटली हैराण, कॅथेड्रल भाविकांविना रिकामं, आणि रक्त व्यवस्थित पातळ झालं. डिसेंबरमध्ये मात्र झालं नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्येही झालं नव्हतं. त्यानंतर नेपल्सवर नक्की कोणतं अरिष्ट कोसळलं ते सांगा. कौल आपल्याला हवा तेव्हा मोजायचा आणि नको तेव्हा विसरायचा, हे चालत नाही.

आज्जीचा_बटवा

तुम्ही हिशेब करत बसा.

जर्सीकर

जरा हवापालट. न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत, मलबेरी स्ट्रीटवर, सप्टेंबरमध्ये सान जेन्नारोची जत्रा असते, १९२६ पासून. नेपल्सहून आलेल्या लोकांनी सुरू केली. आम्ही पोरांना घेऊन जातो. संताचा पुतळा मिरवणुकीत येतो, लोक त्याला डॉलरच्या नोटा टोचतात. गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही. झेप्पोले म्हणजे तळलेले गोळे, वर पिठीसाखर, कागदी पिशवीत गरमगरम. पिशवी हलवायची म्हणजे साखर सगळीकडे लागते. (थिक्सोट्रॉपी नाही, नुसतं हलवणं.) संत काय, कोण, कुठला हे आजच कळलं, आजवर मी फक्त खाल्लं.

गोंयकार

अवशेषांचा विषय निघालाय म्हणून. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शरीर दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात, मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ होतं. मी आईला घेऊन गेलो होतो. रांगेत हिंदू अर्धे तरी असावेत. मोगरा, तुमच्या बोटाच्या गोष्टीवरून आठवलं, १५५४ मध्ये गोव्यात एका पोर्तुगीज बाईने दर्शनाच्या मिषाने झेवियरच्या पायाचं बोटच चावून तोडलं अशी गोष्ट सांगतात. उजवा हात तर पुढे रोमला गेला. संतांचे असे तुकडे होणं कॅथलिक जगात नवं नाही.

इतिहासवेडा

@गोंयकार, जेन्नारोच्या अस्थींची फरफट त्याहून जास्त झालीय. ८३१ साली बेनेव्हेंतोच्या सिको नावाच्या लोंबार्ड राजाने नेपल्सला वेढा घातला आणि त्या उचलून नेल्या. आमचा बिशप आम्हाला परत, हा त्याचा हिशेब. डोकं मात्र नेपल्सकडेच राहिलं. पुढे ११५४ च्या सुमारास अस्थी मोन्तेव्हेर्जिनेच्या डोंगरावरच्या मठात गेल्या आणि तिथे चक्क विस्मरणात गेल्या. वेदीखाली सापडल्या १४८० मध्ये. शेवटी १४९७ मध्ये काराफा घराण्याने खटपट करून नेपल्सला आणल्या, त्यांच्यासाठी कॅथेड्रलखाली संगमरवरी तळघर बांधलं.

म्हणजे बघा, ८३१ ते १४९७, साडेसहाशे वर्षं नेपल्सकडे संताचं धड नव्हतं. याच काळात, १३८९ मध्ये, रक्ताची पहिली नोंद येते. धड शेजाऱ्यांकडे असताना शहराला आपल्याकडे काहीतरी जिवंत हवं होतं, असा मी अर्थ लावतो. माझा तर्क आहे, कोणी पटवून घ्यायलाच हवं असं नाही.

वसईकर

तर्क चांगला आहे, पटत नाही. डोकं त्यांच्याकडेच होतं. सगळ्यात मोठा अवशेष हातात असताना दुसरं काही बनवायची गरज काय?

काळा_कोट

१७९९ चं कोणीच सांगितलं नाही? फ्रेंच फौजा शहरात घुसल्या, राजा सिसिलीला पळाला, प्रजासत्ताक जाहीर झालं. सगळ्यांना वाटलं आता जेन्नारो रुसणार. तर रक्त पातळ झालं. फ्रेंच सेनापतीने आर्चबिशपला दम भरला होता अशीही गोष्ट सांगतात. काहीही असो, जनता भडकली संतावरच. शत्रूला मिळालेला, जाकोबिन, म्हणजे फ्रेंच क्रांतीवाल्यांचा माणूस! जूनमध्ये राजाची बाजू जिंकली, तो दिवस नेमका १३ जून, पादुआच्या संत अँथनीचा सण. झालं, जेन्नारोची पालकपदावरून हकालपट्टी आणि अँथनीची नेमणूक. पण काही वर्षांत लोक गुपचूप परत याच्याकडे. करार लेखी होता ना!

तसे नेपल्सला सहपालक संत पन्नासहून जास्त आहेत. खंडपीठच म्हणा. पण सुनावणी याच्याचपुढे.

मोगरा

जाकोबिन संत!! 😂

वसईकर

काळा कोट, त्याला जोड देतो. १९६९ मध्ये चर्चने संतांचं कॅलेंडर आटोपशीर केलं, तेव्हा जेन्नारोचा सण जगभर सक्तीचा राहिला नाही. नेपल्सच्या लोकांना वाटलं आपल्या संताला पायरीवरून खाली उतरवलं. भिंतींवर रंगाने लिहिलेलं दिसायला लागलं, 'सान जेन्ना, फुत्तातेन्ने!' सभ्य भाषेत सांगायचं तर, तू लक्ष देऊ नकोस रे बाबा. रोमविरुद्ध तक्रार नाही, संताची समजूत घालणं चाललंय.

आणि पोप फ्रान्सिस २१ मार्च २०१५ ला नेपल्सला आले होते. त्यांच्या हातात कुपी दिली, रक्त अर्धवट पातळ झालं. आर्चबिशप म्हणाले, बघा, संताचं पोपवर प्रेम आहे. पोप हसून म्हणाले की अर्धंच झालंय, म्हणजे अर्धंच प्रेम आहे, आपल्याला अजून सुधारायला हवं. आधीच्या दोन पोपांच्या भेटीत अर्धंसुद्धा झालं नव्हतं.

चिकित्सक

हा पोप मला आवडायचा. असो.

इटलीवाली

फोर्चेल्ला वस्तीत एका इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर जेन्नारोचं चित्र आहे, २०१५ मध्ये जोरित नावाच्या रस्त्यावरच्या चित्रकाराने काढलेलं. डोक्यावर बिशपचा मुकुट, चेहरा मात्र चित्रकाराच्या ओळखीतल्या एका कामगाराचा, गालावर दोन लाल रेघा. खालून स्कूटर फुर्रकन जातात, वळणावर पोरं त्याच्याकडे बघून क्रूस करतात. वर एवढी चर्चा झाली पण त्या गल्लीत कोणालाही थिक्सोट्रॉपी विचारा, तो म्हणेल ते जाऊ दे, यंदा झालं का ते सांग.

इतिहासवेडांनी सांगितलेली भुयारंही जरूर बघा. रियोने सानिता ही वस्ती बदनाम होती, तिथल्याच तरुण पोरांनी सहकारी संस्था काढून ती दुरुस्त केली, आता तीच पोरं वाटाडे म्हणून फिरवतात. भित्तिचित्र टॉर्चच्या उजेडात दाखवतात.

सागरवाट

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. म्हणजे मी समजतो ते असं: बिशप होता, मारला गेला, पाचव्या शतकात नेपल्समध्ये पुजला जात होता, एवढं पक्कं. आखाडा-अस्वलं नंतरची. रक्त १३८९ नंतरचं. बरोबर?

आणि बोट मेमध्ये तिथे लागणार आहे. एक दिवस मोकळा मिळेल. पोत्सुओलीला जाऊन ती शिरच्छेदाची जागा बघता येते का?

इतिहासवेडा

बरोबर. फक्त 'रक्ताची नोंद १३८९ ची' असं म्हण, नाहीतर वसईकर मला सोडणार नाहीत.

वसईकर

नाहीच सोडणार.

इटलीवाली

@सागरवाट, सोल्फाताराच्या आत जाता येत नाही. २०१७ मध्ये तिथे एका कुटुंबातले तिघं खड्ड्यात पडून गेले, तेव्हापासून बंद आहे. पण रस्त्यावरच कापुचिन पंथाच्या साधूंचं चर्च आहे, त्यात तो दगड ठेवलाय ज्यावर शिर उडवलं म्हणतात. सणाच्या दिवशी तो दगड लाल होतो अशीही श्रद्धा आहे. आखाडा मात्र बघच. रंगमंचाखालची दगडी दालनं शाबूत आहेत, जनावरं वर आणायची भोकंसुद्धा. नेपल्सहून मेट्रोने अर्ध्या-पाऊण तासात पोचशील. मेमधला पहिला शनिवार साधला तर संध्याकाळची मिरवणूकही मिळेल. रविवार एक तारखेला आला तर शनिवार एप्रिलमध्ये पडतो, तेवढं कॅलेंडर तपासून घे.

रसायनी

दगड लाल होतो?? आता त्याच्यावर वेगळा धागा काढावा लागणार.

आगाऊ_कार्टं

काढा की. दाणे संपलेत, फुटाणे आहेत अजून.